ताकद वाढली आणि वेग घटला: डॉज एम-३७ मध्ये डिझेल इंजिन बसवताना

डॉज एम-३७ हा अमेरिकी लष्कराचा पाऊण टनी, चारही चाकांना जोर देणारा ट्रक. १९५१ ते १९६८ या काळात तो बनला. बॉनेटखाली सहा सिलिंडरचं, ३.८ लिटरचं पेट्रोल इंजिन, मिनिटाला ३२०० फेऱ्यांना ७८ अश्वशक्ती. याचे व्हॉल्व्ह हेडमध्ये नसतात, ब्लॉकमध्ये सिलिंडरच्या बाजूला उभे असतात. त्यामुळे ते बसकं, साधं आणि कमी दाबावर चालणारं इंजिन आहे. आज हे ट्रक सांभाळणारे बरेच जण त्याच्या जागी कमिन्सचं चार सिलिंडरचं ४बीटी डिझेल बसवतात: ३.९ लिटर, १०५ अश्वशक्ती, आणि १६०० फेऱ्यांनाच सुमारे ३६० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर. पुण्याला कमिन्सची ओळख करून द्यायला नको. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या किर्लोस्कर कमिन्सचा कारखाना कोथरूडला होता.

कागदावर हा सौदा सरळ दिसतो. सिलिंडरचं आकारमान जवळपास तेवढंच, टॉर्क मात्र दीडपट. पण इंजिन उतरवायच्या आधी एक गुणाकार करून बघावा. एम-३७ च्या डिफरन्शियलचा रेशो ५.८३ आहे, म्हणजे चाक एकदा फिरायला प्रोपेलर शाफ्टला ५.८३ फेरे घ्यावे लागतात. ९.००-१६ चा टायर एका फेऱ्यात साधारण २.७ मीटर पुढे जातो. टॉप गिअर थेट असतो, म्हणजे इंजिन आणि शाफ्ट सारख्याच फेऱ्यांनी फिरतात, म्हणून ३२०० फेऱ्यांना वेग येतो ताशी ८९ किलोमीटर. मूळ ट्रकची कमाल मर्यादाही तेवढीच होती. ४बीटीचा गव्हर्नर मात्र २५०० फेऱ्यांवर डिझेल तोडतो. त्याच चाकांवर, त्याच डिफरन्शियलवर कमाल वेग उरतो ताशी सुमारे ६९ किलोमीटर. इंजिन जास्त ताकदीचं झालं आणि गाडी वीस किलोमीटरनं हळू झाली!

चढावर तरी जोर वाढला ना? लो गिअरमध्ये तोही फारसा उपयोगी नाही. पहिला गिअर (पुढे सुचवलेल्या गिअरबॉक्सचा) ५.६१ चा धरा, ट्रान्स्फर केसचा, म्हणजे पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलना जोर वाटणाऱ्या पेटीचा, लो १.९६ आणि डिफरन्शियलचा ५.८३. तिन्हींचा गुणाकार ६४. म्हणजे चाकांपाशी २३,००० न्यूटन-मीटर. सुमारे २६०० किलोच्या रिकाम्या ट्रकचे चारही टायर कोरड्या रस्त्यावर धरून धरून ९,००० च्या आसपास धरतील, त्यापुढे ते घसरतात. मूळ पेट्रोल इंजिनसुद्धा लो गिअरमध्ये ही हद्द ओलांडत होतं. तेव्हा उरलेला जोर कामी येत नाही. उलट एखादं चाक दगडांत अडकून बसलं तर तो सगळा त्या चाकाच्या अर्ध्या अ‍ॅक्सलवर (डिफरन्शियलपासून चाकापर्यंतच्या दांड्यावर) येतो आणि तो दांडा पिळवटून तुटतो. या ट्रकला खरी उणीव आहे ती लांबच्या रस्त्यावर कमी फेऱ्यांत पळण्याची, आणि ती गिअरबॉक्स भरून काढतो.

म्हणून इंजिनाबरोबर ओव्हरड्राइव्ह (शाफ्टला इंजिनापेक्षा जास्त फेरे देणारा गिअर) असलेला पाच गिअरचा बॉक्स घ्यावा. डॉजच्याच नव्वदच्या दशकातल्या डिझेल पिकअपमधला एनव्ही४५०० इथे चपखल बसतो. त्या पिकअपचं सहा सिलिंडरचं इंजिन ४बीटीचंच मोठं भावंड असल्यामुळे दोन्हींच्या मागच्या बाजूचे बोल्ट सारखे आहेत. त्याचा पाचवा गिअर ०.७५ चा आहे. २००० फेऱ्यांना वेग येतो ७४, आणि २५०० ला ९२-९३. एम-३७ ची ट्रान्स्फर केस गिअरबॉक्सला चिकटलेली नाही. ती चेसिसवर वेगळी टांगलेली असते आणि मधल्या आखूड शाफ्टनं फिरते. त्यामुळे बॉक्स टू-व्हील ड्राइव्हचा, मागे शाफ्ट जोडता येईल असा घ्यावा. फोर-व्हीलचा बॉक्स स्वस्त मिळाला तरी त्याचं शेपूट इथे निरुपयोगी आहे. डॉजच्या या बॉक्समध्ये पाचव्या गिअरचा नट सैल होऊन गिअर अचानक नाहीसा होतो. कमी फेऱ्यांत पाचव्यावर रेटल्यानं डिझेलचे झटके शाफ्टला पिळत राहतात, त्याचा हा परिणाम. बॉक्स बाहेर असतानाच घट्ट लॉक होणारा सुधारित नट घालून टाकावा. तेल जीएल-४ दर्जाचं, बॉक्ससाठी सांगितलेलंच. डिफरन्शियलचं जीएल-५ यात ओतलं तर सिंक्रोनायझर (गिअर अलगद पडावा म्हणून असलेल्या कड्या) खराब होतात.

आता जोडणी. इथे घाई करणाऱ्याचा क्लच वर्षभरात आवाज करायला लागतो. फ्लायव्हीलवर डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं घड्याळ) चुंबकानं बसवा, टोक बेल हाऊसिंगच्या, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या क्लचच्या कवचाच्या, आतल्या गोल कडेला टेकवा आणि क्रँक हातानं सावकाश एक पूर्ण फेरा फिरवा. काटा जेवढा हलेल त्याच्या निम्मं हाऊसिंगचं केंद्र क्रँकच्या केंद्रापासून सरकलेलं असतं. एकूण हालचाल ०.२ मिलिमीटरच्या आत हवी. जास्त असेल तर हाऊसिंग सैल करून सरकवायचं किंवा केंद्र सरकवणाऱ्या खास डॉवेल पिना (दोन भाग नेमक्या जागी धरणाऱ्या खुंट्या) घालायच्या. असंच कसून टाकलं तर गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट प्रत्येक फेऱ्यात वाकतो. मग त्या शाफ्टचं टोक क्रँकमध्ये धरणारं पायलट बेअरिंग झिजतं, क्लचप्लेटच्या मधल्या स्प्रिंग तुटतात, आणि दोष क्लचप्लेटवर ढकलला जातो.

मधला आखूड शाफ्ट नवीन लांबीचा करून बॅलन्स करून घ्यावा. त्याच्या दोन्ही टोकांच्या क्रॉसचे (युनिव्हर्सल जॉइंटचे) कोन शक्यतो ३ अंशांच्या आत आणि एकमेकांसारखे ठेवावेत. एका क्रॉसनं वेगात आणलेला चढउतार दुसरा क्रॉस रद्द करतो, पण कोन सारखे असतील तरच.

चार सिलिंडरच्या डिझेलचा हादरा हा पेट्रोल इंजिनाची सवय असलेल्या चेसिसला मोठा धक्का असतो. त्याची दोन कारणं आहेत. क्रँकच्या एका फेऱ्यात दोनदा स्फोट होतात, तेही जोरकस. शिवाय कनेक्टिंग रॉडच्या तिरकेपणामुळे पिस्टन फेऱ्याच्या वरच्या अर्ध्या भागात खालच्यापेक्षा जास्त अंतर कापतो. चारही पिस्टनची ही तफावत एकाच वेळी एकाच दिशेला येते, म्हणून ती रद्द होत नाही. हाही हादरा फेऱ्याला दोनदाच. ८०० फेऱ्यांच्या आयडलला हे होतं सेकंदाला सुमारे २७ वेळा. रबरी फाउंडेशनवर (इंजिन चेसिसला धरणाऱ्या रबरी आधारांवर) इंजिन स्वतःहून ज्या गतीनं डोलतं ती गती याच्या १.४ पट तरी खाली, म्हणजे १९ च्या आत हवी. तिसऱ्या हिश्शाला, ९ च्या जवळ आणता आली तर उत्तम. तेवढं मऊ रबर वापरलं की इंजिन आयडलला जागच्या जागी डुलताना दिसतं. ते डुलू द्यावं, फक्त सायलेन्सरचा पाइप, डिझेलच्या नळ्या आणि रेडिएटरचे होज तेवढे लवचीक ठेवावेत. फाउंडेशन कडक केलं तर रेडिएटरचे टाके आणि चेसिसचे ब्रॅकेट फुटतात.

४बीटी पेट्रोल इंजिनापेक्षा उंच असतं. त्यामुळे तेलाचं चेंबर पुढच्या अ‍ॅक्सलवर आदळणार नाही ना, हे सस्पेन्शन पूर्ण दाबून पाहायचं, गाडी नुसती उभी असताना नाही.

इंजिन अजून स्टँडवर आहे तोवर एक काम करून घ्याच. ४बीटी ज्यातलं आहे त्या कमिन्सच्या जुन्या बी-सीरिज इंजिनांत पुढच्या गिअर हाऊसिंगला जागेवर धरणारी छोटी पोलादी डॉवेल पिन असते. वर्षानुवर्षांच्या हादऱ्यांनी ती पुढे सरकत येते आणि एक दिवस टायमिंग गिअरमध्ये पडते. मग गिअरचे दात जातात, हाऊसिंग फुटतं. उपाय अगदी साधा आहे. पुली आणि पुढचं कव्हर काढा, पिन हलकेच ठोकून आत बसवा, शेजारच्या बोल्टखाली पिनेवर येईल अशी पोलादी पट्टी द्या आणि बोल्टला लॉकिंग द्रव लावून कसा. कव्हरचं नवीन ऑइल सील मात्र कोरडंच बसवायचं. क्रँकचं टोक पुसून लख्ख करा, तेलाचा थेंबही नको, नाहीतर ते गळत राहतं. टॅपेटची (व्हॉल्व्हची) फटही आताच तपासा: थंड इंजिनावर इनटेक ०.२५, एक्झॉस्ट ०.५१ मिलिमीटर.

पेट्रोलच्या टाकीला बहुधा एकच नळी असते. बॉशचा फिरता डिझेल पंप मात्र स्वतःला थंड आणि वंगण ठेवण्यासाठी गरजेपेक्षा जास्त डिझेल ओढतो आणि उरलेलं परत पाठवतो. त्यासाठी टाकीपर्यंत दुसरी नळी लागते. टाकी आतून धुवून घेतली नाही तर जुना गंज आणि राळ डिझेलमध्ये सुटून पहिल्याच दिवशी फिल्टर चोंदतो. हवा काढताना नोझलकडचे नट सैल करून सेल्फ मारायचा, बुडबुडे थांबून डिझेल उडालं की एकेक नट आवळायचा.

ट्रकची वीज २४ व्होल्टची आहे. इंजिन १२ व्होल्टच्या गाडीतून आलं असेल तर सेल्फ आणि डिझेल बंद-चालू करणारा सोलेनॉइड दोन्ही बदलावे लागतात. हा सोलेनॉइड चालत्या इंजिनात सतत विजेवर असतो. १२ चा सोलेनॉइड २४ वर जळाला की इंजिन भर रस्त्यात थंड पडतं.

वायपर विसरू नका. मूळ वायपर इंजिनाच्या निर्वातावर चालतात. पेट्रोल इंजिनात थ्रॉटल हवेची वाट अडवतो म्हणून हा निर्वात तयार होतो. डिझेलला थ्रॉटलच नाही, म्हणून वायपर जागचे हलत नाहीत. इलेक्ट्रिक मोटर बसवणं हाच स्वच्छ मार्ग.

याच कारणामुळे घाट उतरताना पाय सोडला की डिझेल पेट्रोलइतकं गाडीला मागे खेचत नाही. मूळ ब्रेक ड्रमचे, बूस्टरशिवायचे, आणि चारही चाकांना एकच मास्टर सिलिंडर, एकच सर्किट. एक नळी फुटली की चारही ब्रेक जातात. म्हणून पुढच्या-मागच्या चाकांची सर्किटं वेगळी करणारा दुहेरी मास्टर सिलिंडर आधी बसवावा, त्याची चाचणी जुन्या इंजिनावरच घ्यावी, आणि मगच नवीन इंजिनाच्या फाउंडेशनसाठी चेसिसला पहिलं भोक पाडावं.