आडवी धावणारी गाडी

2012 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या खड्या उतारांवर केन ब्लॉक या रॅली-चालकाने गाडी चालवली आणि तो व्हिडिओ जगभर पाहिला गेला. गाडी फोर्ड फिएस्टा, पण पार बदललेली. चढाच्या माथ्यावरून ती हवेत झेपावते, चौकात आडवी होऊन घसरत वळते, चाकांखालून तापलेल्या रबराचा धूर निघतो. या मालिकेचं नाव ‘जिमखाना’. आपल्याला जिमखाना म्हटलं की क्रिकेटचं मैदान आठवतं. ब्रिटिश काळात इथूनच इंग्रजीत गेलेला हा शब्द पुढे शंकूंमधून गाडी वळवण्याच्या स्पर्धेलाही लागला.

गाडी अशी आडवी कशी होते? चारही टायर रस्त्याला टेकतात ते प्रत्येकी जेमतेम तळहाताएवढ्या जागेत. वेग वाढवणं, ब्रेक लावणं, वळणं, सगळं तेवढ्याच पकडीवर चालतं. जोरात ब्रेक लावताना पकड बरीचशी खर्च झाली, तर वळायला थोडीच उरते. हँडब्रेक ओढला की मागची चाकं थांबतात आणि नुसती घासत जातात. फिरतं चाक बाजूला सरकायला विरोध करतं. अडकलेलं चाक मात्र ज्या दिशेला घसरतंय, फक्त तिच्या उलट ओढतं. त्यामुळे मागचा भाग मोकळा सुटतो आणि गाडी पुढच्या चाकांभोवती फिरते. कसलेला चालक हे घसरणं स्टिअरिंग आणि अ‍ॅक्सिलरेटरने तोलून धरतो. इंजिनाची ताकद दुप्पट केली तरी तळहाताएवढी जागा तेवढीच राहते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मोठ्या इंजिनाची गाडी ही पकड फक्त लवकर संपवते. आजच्या बऱ्याच गाड्यांत घसरणं ओळखून एकेका चाकाला आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा असते. स्टंट करणारे आधी तीच बंद करतात.

आता रुंदीचं बघा. सरळ चालणारी फिएस्टा रस्त्याची दोन मीटरहून कमी रुंदी घेते. आडवी झाली की तिची लांबी, म्हणजे सुमारे 4 मीटर, रस्त्यावर पसरते. आपल्याकडची एक मार्गिका साधारण साडेतीन मीटरची. म्हणजे घसरणारी गाडी शेजारच्या मार्गिकेत शिरणारच, चालक कितीही निष्णात असो. सॅन फ्रान्सिस्कोत चित्रीकरणासाठी रस्ते बंद केले होते, म्हणून त्या जागेत दुसरं कुणी नव्हतं. रील पाहणाऱ्या पोराला ते बंद रस्ते दिसत नाहीत, याची मला खरोखर काळजी वाटते.

ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. कोरड्या चांगल्या डांबरावर ताशी 50 किलोमीटरला ब्रेक लावल्यावर सुमारे 12 मीटर लागतात, ताशी 100 ला 49. ब्रेकवर पाय जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर आणखी 14 आणि 28 मीटर. पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल आणि धूळ वर येते, तेव्हा हे आकडे बरेच वाढतात.

शर्यतीच्या ट्रॅकवर वळणाच्या बाहेर बऱ्याचदा खडीची रुंद पट्टी असते. चुकलेल्या गाडीची चाकं तिच्यात रुततात, खडी उडते, आणि गाडीची ऊर्जा त्यातच जिरते. कोइंबतूरजवळची कारी मोटर स्पीडवे आणि चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक हे आपल्या देशातले शर्यतीचे ट्रॅक. ट्रॅकवर स्वतःची गाडी पळवायची तर हेल्मेट घालावं लागतं आणि गाडीची आधी तपासणी होते.