वेलीचे नुसते पान पाठवू नये
देशी वेलींची ओळख, वर्गीकरण आणि नोंद करून घेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

रानातील व बांधावरील देशी वेलींची ओळख पटवून देणे, त्यांची वाळवलेली नमुनापत्रे तयार करणे आणि गावाच्या लोक जैवविविधता नोंदवहीतील, म्हणजे गावातील सजीवांची व त्यांविषयीच्या स्थानिक माहितीची नोंद असलेल्या वहीतील, वेलींचा भाग लिहून देणे, हे आमचे काम आहे. आमच्या ग्राहकांत जैवविविधता व्यवस्थापन समित्या आहेत, सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभा आहेत, महाविद्यालयांतील विद्यार्थी आहेत, जडीबुटी गोळा करणारे बचत गट आहेत आणि आपल्या धुऱ्यावर काय चढले आहे एवढेच जाणून घेऊ इच्छिणारे शेतकरीही आहेत. गुळवेल, काटवल किंवा शतावरी म्हणजे काय, हे झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात, कोणाला शिकवावे लागत नाही. तरीही पावसाळा लागला की आमच्याकडे मोबाइलवरून छायाचित्रे येऊ लागतात, त्यांत तळहातावर ठेवलेले एक पान असते आणि खाली "ही कोणती वेल?" एवढाच प्रश्न असतो.

अशा पानावरून आम्ही नाव सांगत नाही. यामागे आडमुठेपणा नसून कारण आहे, आणि ते समजावे म्हणूनच हे पत्रक काढले आहे.

पळसाला पाने तीनच ही म्हण खरी असली तरी तीन पाने काही एकट्या पळसाला नसतात. पळसवेल, म्हणजे ब्युटिया सुपर्बा, हिचे पान पळसाच्या पानासारखेच तीन पर्णिकांचे, म्हणजे एका देठावरील तीन सुट्या भागांचे, असते आणि फुलेही त्याच नारिंगी रंगाची असतात; फरक इतकाच की ही जाड, लाकडी खोडाची वेल आहे. ज्या कंदाला वैद्य विदारी म्हणतात त्या घोडवेलीचे पान तीन पर्णिकांचे असते, पण तिची फुले निळसर जांभळी असतात आणि शेंग चपटी व केसाळ असते. खाजकुयलीचे पानही तसेच असते. तिच्या कडेच्या दोन पर्णिका तिरप्या, एका बाजूला फुगलेल्या असतात आणि शेंगेवर अंगाला खाज सुटणारी कुसे असतात. स्पॅथोलोबस या वंशातील वेलीला काही भागांत पळसवेलच म्हणतात, मात्र तिची फुले लहान व फिकट असतात. या चारही शिंबी, म्हणजे शेंगांच्या, कुलातील झाल्या. याशिवाय द्राक्षाच्या कुलातील आंबटवेल आहे, जिच्या तीन पर्णिकांच्या कडा दातेरी असतात, आणि डायोस्कोरिया हिस्पिडा हा विषारी कंदही आहे, ज्याचे खोड काटेरी असते. देठापासून तोडलेले, अर्धवट सुकलेले आणि छायाचित्रात सपाट दिसणारे पान हातात असताना यांपैकी काहींत फरक करणे अवघड असते आणि काहींत तो करता येतच नाही. पान खोडाला जोडलेले असेल तर मात्र काम सोपे होते, कारण शिंबी कुलातील वेलींच्या देठाच्या बुडाशी फुगीर सांधा व बाजूला उपपर्णे, म्हणजे पानासारखी छोटी अंगे, दिसतात, आणि आंबटवेलीच्या पानासमोर तणावा, म्हणजे आधाराला धरणारा दोऱ्यासारखा अवयव, दिसतो.

दुसरा घोटाळा याहून मोठा आहे. वेल उंच गेलेली असते, म्हणून बांबूला आकडी बांधून पान खाली पाडले जाते, आणि पुष्कळदा ते वेलीचे नसून ती ज्यावर चढली आहे त्या झाडाचे निघते. ऐन आणि धावड्याच्या गर्दीत खाली उभे राहून कोणते पान कोणाचे हे सांगता येत नाही. असे पान तपासण्यात आमचा वेळ जातो, ग्राहकाचे पैसे जातात, आणि नोंदवहीत वेलीच्या नावाखाली झाड लिहिले जाते ते वेगळेच.

म्हणून आमची विनंती अशी आहे की निदान दोन पेरांचा, पाने जोडलेली असलेला खोडाचा तुकडा पाठवावा, आणि वेल जमिनीपाशी धरून तिच्या खोडाचा माग काढत वर जाऊन मगच तो तोडावा. नमुना पाठवणे शक्य नसेल तर त्याच तुकड्याची छायाचित्रे चालतील, मात्र पानाची मागची बाजू, बुंध्याची साल आणि वेल आधाराला कशी धरते ती जागा, ही तिन्ही त्यांत असावीत. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेले छायाचित्र लहान होते आणि त्यासोबतची स्थळाची माहिती गळून पडते. तेच डॉक्युमेंट म्हणून पाठवले तर मूळ स्वरूपात पोहोचते.

वेल चढते कशी, याला आम्ही फार महत्त्व देतो आणि ग्राहक नेमके तेच सांगायचे विसरतात. गुंज स्वतःच आधाराला गुंडाळत जाते. काटवल आणि शिवलिंगीला तणावे असतात, त्यांपैकी काटवलीचा तणावा साधा तर शिवलिंगीचा दुभागलेला असतो. कांडवेलीचा तणावा पानाच्या समोरून निघतो, घोटवेलीचे दोन तणावे देठाच्या बुडाजवळून निघतात, आणि कळलावीच्या पानाचे टोकच तणाव्यासारखे वळते. ही एक गोष्ट नीट पाहिली तर फूल नसतानाही कुलापर्यंत बऱ्याचदा पोहोचता येते. रानातील कंदांच्या बाबतीत गुंडाळण्याची दिशाही उपयोगी पडते, कारण मटारू व त्याच्या काही भाऊबंदांचे खोड एका दिशेने वळते आणि कोनफळाच्या गटातील कंदांचे उलट दिशेने. परंतु डावी-उजवी हे शब्द निरनिराळ्या ग्रंथांत निरनिराळ्या अर्थाने वापरलेले आहेत, तेव्हा कृपया "उजवीकडे वळते" असे लिहू नये. आधाराची उभी रेघ काढून तिच्यावर पुढच्या बाजूने खोड कसे जाते ते बाणाने दाखवावे.

फूल किंवा फळ नसेल तर आम्ही अनेकदा वंशाचे नाव देतो आणि जातीची जागा मोकळी ठेवतो. यावर काही ग्राहक नाराज होतात, कारण शुल्क भरले म्हणजे पूर्ण नाव मिळालेच पाहिजे अशी त्यांची अपेक्षा असते. आमचे शुल्क तपासणीचे आहे. मोबाइलमधील ओळख सांगणारी ॲप क्षणात नाव देतात आणि त्यांचा आम्हीही पहिला अंदाज बांधण्यासाठी उपयोग करतो, पण समितीच्या सहीने कायम राहणाऱ्या कागदावर अंदाज लिहिणे आम्हांला योग्य वाटत नाही. अपुऱ्या नमुन्याच्या ग्राहकाने त्याच वेलीचे फूल किंवा फळ वर्षभरात आणून दिल्यास पुढील तपासणी आम्ही विनाशुल्क करतो.

येथे ऋतूचा विचार करावा लागतो. कळलावी भर पावसाळ्यात फुलते, गुळवेल उन्हाळ्यात पाने गळालेली असताना फुलते, आणि घोडवेल व पळसवेलीची फुले हिवाळा सरता सरता येतात. पावसाळ्यातील एकाच फेरीत केलेली नोंद त्यामुळे अपुरी राहते, आणि म्हणूनच आम्ही दोन फेऱ्यांचा प्रस्ताव देतो. त्यामागे बिल वाढवण्याचा हेतू नाही. शिवाय गुळवेल, काटवल, घोटवेल आणि रानकंद यांच्यात नर व मादी वेली वेगळ्या असतात. "आमच्या वेलीला फळच धरत नाही" ही तक्रार ज्यांची असते त्यांच्या कुपाटीवर बहुधा नर वेल असते, आणि बियाणे राखायचे असेल तर नोंदीत दोन्हींच्या जागा लिहिणे आवश्यक आहे.

गुळवेल विकणाऱ्या बचत गटांनी थोडी अधिक काळजी घ्यावी. आयुष मंत्रालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया आणि तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा यांतील फरक जाहीर केला. आपल्या गुळवेलीचे खोड हिरवे असते, त्यावर ठळक गाठी नसतात आणि चीक निघत नाही. क्रिस्पाचे खोड करडे, गाठाळ असते आणि त्यातून दुधाळ चीक येतो. पाने दोघींचीही हृदयाच्या आकाराची असल्याने येथेही पान पाठवून उपयोग नाही.

नोंदवहीत केवळ स्थानिक नाव पुरत नाही आणि केवळ शास्त्रीय नावही पुरत नाही. हरणदोडी हे नाव लेप्टाडेनिया आणि ड्रेजिया या दोन वेगळ्या वंशांतील वेलींना दिले जाते. आम्ही मराठी, गोंडी किंवा कोरकू नाव सांगणाऱ्याच्या उच्चाराप्रमाणे लिहितो आणि शास्त्रीय नाव भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने १९९६ ते २००१ या काळात प्रसिद्ध केलेल्या राज्याच्या वनस्पतिसूचीशी ताडून, पुढे बदललेल्या नावासह देतो. गणेशवेल आणि अँटिगोनॉन या अमेरिका खंडातून आलेल्या वेली आहेत. त्या कितीही रुळल्या असल्या तरी देशी वेलींच्या रकान्यात घालण्याचा आग्रह कृपया धरू नये. राष्ट्रीय हरित लवादाने नोंदवह्यांसाठी ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली होती, आणि त्या घाईत लिहिलेल्या ज्या वह्या आमच्याकडे दुरुस्तीसाठी येतात त्यांत असे घोटाळे हमखास सापडतात. त्यातही झाडांची यादी लांबलचक असते आणि वेली चार-दोन ओळींत आटोपलेल्या असतात. जंगलात वेलतोडणी हे अनेक वर्षे नेमाचे काम होते आणि वेल म्हणजे झाडाचा उपद्रव असे मानले जात असे, हे त्याचे एक कारण असावे.

नमुना वर्तमानपत्रात दाबून वाळवावा आणि पावसाळ्यात कागद रोज बदलावा. पॉलिथिनच्या पिशवीत ठेवलेला नमुना काळा पडतो आणि त्यावर बुरशी येते. वाळल्यावर फुलाचा रंग आणि चीक या दोन्ही गोष्टी कळत नाहीत, म्हणून त्या तोडतानाच चिठ्ठीवर लिहाव्यात. सोबत गाव, तारीख, आधाराचे झाड आणि जमीन कशी आहे हेही लिहावे. खाजकुयलीच्या शेंगांना उघड्या हाताने स्पर्श करू नये, आणि कळलावीचा कंद व गुंजेचे बी विषारी असल्यामुळे ती पाकिटे मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. अभयारण्यातून किंवा राष्ट्रीय उद्यानातून परवानगीशिवाय तोडलेला नमुना आम्ही स्वीकारत नाही. औषधासाठी मागणी असलेल्या वेलींची नेमकी जागा फक्त समितीच्या मूळ प्रतीत असते. इतरांना दिलेल्या प्रतीत ती वगळली जाते.

दाबपट्टी, कागद आणि छापील चिठ्ठ्या असलेला संच आमच्या कार्यालयात मिळतो, आणि दोन फेऱ्यांचे काम देणाऱ्या समित्यांना तो वेगळ्या किमतीविना दिला जातो. ज्यांना यंदा फेरी हवी असेल त्यांनी मृग लागण्याच्या आधी कळवावे, कारण एकदा धानाची रोवणी सुरू झाली की वेलींच्या जागा माहीत असलेली माणसे बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, असतात आणि त्यांच्याशिवाय आम्ही फेरी काढत नाही.