मेमरी कार्ड ते फायबर: गावात व्हिडिओ पाहायला किती नेट लागतं याची मागची गोष्ट

परवा पानठेल्यावर मोठेबाबांनी विचारलं, "काय रे, केबलवाला ४० एमबीचं नेट घ्या म्हंते, तेवढं लागते का आपल्याले?" घरात टीव्ही एक, मोबाईल चार, अन् त्यांना स्वतःला फक्त कीर्तन अन् कापसाचे भाव पाहायचे असतात. मी फटकन "घेऊन टाका" म्हणालो, पण घरी येऊन विचार करत बसलो की हा आकडा आला कुठून, कारण पंधरा वर्षांआधी आमच्या यवतमाळकडच्या गावात व्हिडिओ नेटवर पाहायची गोष्टच नव्हती, तो मेमरी कार्डात भरून आणायचा.

बाजाराच्या दिवशी तालुक्याला जायचं, मोबाईलच्या दुकानात कार्ड काढून द्यायचं, तो विचारायचा "नवीन टाकू का जुने?", पैसे द्यायचे की झालं. थ्रीजीपी फाईल, १७६ बाय १४४ ठिपके, हिरो रडतोय का हसतोय ते आवाजावरून ओळखायचं. पण २ जीबीचं कार्ड भरून मिळायचं हो! तेव्हाच्या नेटच्या २५६ केबीपीएस (सेकंदाला २५६ हजार बिट) वेगावर तेवढं उतरवायला सतरा तासांच्या वर लागले असते, तेही लोडशेडिंग नसतं तर. एसटीनं ते दीड तासात घरी यायचं.

हे २५६ कुठून आलं? सामान्य लोकांसाठी नेट आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ ला आलं, फोनच्या तारेवर, अन् डायल-अपचा मोडेम पुढं सुधारून सुधारून ५६ केबीपीएसपर्यंतच गेला. मग २००४ च्या धोरणात सरकारनं ठरवलं की २५६ च्या वर असलं की त्याला ब्रॉडबँड म्हणायचं. यूट्यूब निघालं २००५ ला, म्हणजे ही व्याख्या झाली तेव्हा डोळ्यासमोर मेल अन् वेबसाईट होत्या, सिनेमा नव्हता. २०१३ ला ती ५१२ केली, अन् २०२३ ला २ एमबीपीएस (म्हणजे २००० केबीपीएस; केबलवाल्याचे ४० "एमबी" ते हेच). आता गंमत बघा, यूट्यूब स्वतःच सांगतं की ४८०पी ला (म्हणजे चित्रात ठिपक्यांच्या ४८० ओळी, आकडा जितका मोठा तितकं चित्र साफ) १.१, ७२०पी ला २.५, १०८०पी ला ५ अन् फोर-के ला २० एमबीपीएस लागतात. म्हणजे सरकारी कागदावरचं ब्रॉडबँड आजही ७२०पी ला कमी पडतं.

बरं, हे आकडे एवढे तरी खाली आले ते व्हिडिओ दाबून लहान करायच्या तंत्रामुळं. २००३ चं एच.२६४, २०१३ चं एचईव्हीसी, २०१८ चं एव्ही१. यातली मुख्य युक्ती साधी आहे, चित्रात जे बदललं नाही ते परत पाठवायचंच नाही. कीर्तनात बुवा एका जागी उभे, मागचा पडदा तोच, कमी डेटात भागतं. क्रिकेटमध्ये कॅमेरा बॉलमागं पळतो, मागं पब्लिक नाचतंय, तिथं डेटा भसाभस जातो.

दुसरी युक्ती २००९ च्या पुढं आली, व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा कमी-जास्त क्वालिटीत तयार ठेवायचा अन् नेट जसं असेल तसा पाठवायचा. म्हणून आता ते गोल चक्कर कमी फिरतं, चित्रच धुरकट होतं. मोठेबाबांना वाटतं टीव्ही बिघडला.

५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं अन् मेमरी कार्डवाल्याचं दुकान बसलं. पण मोबाईलचा डेटा रोजचा मोजून, अन् ५ एमबीपीएसनं तासाला सव्वादोन जीबी जातात, म्हणजे दीड जीबीचा कोटा १०८०पी वर ४० मिनिटांत खलास. मार्च २०२० च्या लॉकडाऊनमध्ये नेटवर एवढा लोड आला की कंपन्यांनी मोबाईलवर व्हिडिओ ४८०पी वरच थांबवला होता.

तारेचं नेट गावात न्यायची सरकारी योजना २०११ ची, तीच पुढं भारतनेट झाली. आपल्या मेळघाटातलं हरिसाल डिजिटल गाव म्हणून गाजलं, २०१९ ला राज ठाकरेंच्या "लाव रे तो व्हिडिओ" मध्येही आलं. आमच्याकडे मात्र फायबर आलं ते केबलवाल्याच्या हातून, विजेच्या खांबांवरून, झाडांवरून.

तर हिशोब असा. टीव्ही १०८०पी वर ५, दोन मोबाईल अडीच-अडीच, झाले १०. ४० भरपूर आहे. पण तो आकडा वायफायच्या डब्यापर्यंतचा, मागच्या खोलीत टिनाखाली वायफाय किती पोचतं ते वेगळं. अन् संध्याकाळी सात ते दहा सगळं गाव एकाच लाईनवर बसतं तेव्हा ४० चे किती उरतात ते केबलवाल्यालाच माहीत. त्यात लाईट गेली की डबा बंद, म्हणून मी मोठेबाबांना म्हटलं प्लॅन लहान घ्या पण डबा इन्व्हर्टरवर टाका.

त्यांनी ४० चाच घेतला. पाचव्या दिवशी माकडांनी चिंचेवरची वायर तोडली, केबलवाला सोयाबीन काढायला शेतात, तीन दिवस मोठेबाबा माझ्या मोबाईलचा हॉटस्पॉट घेऊन कीर्तन पाहत होते.