टेट्रॉलॉजी ऑफ फॅलो

टेट्रॉलॉजी ऑफ फॅलो (फॅलोचे चतुष्टय) : बाळाचे ओठ, जीभ व नखे निळी पाडणाऱ्या जन्मजात हृदयदोषांपैकी सर्वांत अधिक आढळणारा दोष. दर 10,000 जन्मांमागे साधारण 3 ते 4 बाळांत तो असतो. त्याचे चार भाग मोजतात : दोन खालच्या कप्प्यांमधील, म्हणजे निलयांमधील, पडद्यात मोठे छिद्र, उजव्या निलयातून फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद, शरीराला रक्त नेणारी महाधमनी पुढे सरकून थेट छिद्रावर बसलेली, आणि उजव्या निलयाची भिंत जाड. ही चार वेगळी दुखणी नव्हेत. गर्भाच्या हृदयात बाहेर जाणाऱ्या दोन वाटा वेगळ्या करणारा छोटा पडदा पुढे व वर सरकला, की फुप्फुसाची वाट आवळते, मागे छिद्र उरते आणि महाधमनी त्यावर येते. भिंतीची जाडी तर नंतरची, जास्त दाबाशी झुंजून आलेली.

‘हृदयाला छिद्र आहे’ असे ऐकून घरचे छिद्राचाच धसका घेतात. पण बाळ किती निळे पडणार हे ठरते अरुंद वाटेवर. छिद्र मोठे असल्याने दोन्ही निलयांतला दाब सारखाच असतो आणि रक्त सोप्या वाटेने जाते. वाट थोडीच आवळलेली असेल तर पुरेसे रक्त फुप्फुसात पोचते व बाळ गुलाबी दिसते. वाट फार आवळलेली असेल तर अशुद्ध रक्त सरळ महाधमनीत शिरते. अगदी अरुंद वाट असलेल्या नवजात बाळाला गर्भकाळातली धमनीवाहिनी, म्हणजे महाधमनी व फुप्फुसधमनी यांना जोडणारी नळी, आधार देत असते. ती जन्मानंतर काही दिवसांत मिटू लागली की ऑक्सिजन झपाट्याने घसरतो. अशा वेळी ती उघडी ठेवण्यासाठी प्रोस्टाग्लँडिन ई-1 शिरेतून सतत देतात. या औषधाने बाळाचा श्वास मध्येच थांबू शकतो, म्हणून जवळ कृत्रिम श्वासाची तयारी हवीच.

नुसत्या डोळ्यांवर विसंबू नये. रक्तातील हिमोग्लोबिन कमी असेल तर ऑक्सिजन घसरूनही निळेपणा दिसत नाही. बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर मात्र तो पकडतो. उलट, निळ्या बाळाचे हिमोग्लोबिन 12 आले म्हणून समाधान मानणे चूक. त्याच्या शरीराला त्याहून बरेच जास्त लागते, तेव्हा हा आकडा बहुधा लोहाची कमतरता दाखवतो. लोह कमी असले की अचानक गडद निळे पडण्याचे झटके वाढतात आणि मेंदूत गुठळी होण्याचा धोकाही वाढतो.

झटका, डॉक्टरांच्या बोलण्यातला ‘स्पेल’, हा या दोषातला खरा जीवघेणा प्रसंग. तो बहुधा दोन महिन्यांनंतर, पहिल्या दोन वर्षांत येतो. सकाळी उठल्यावर, रडताना, दूध पिताना किंवा शौचाच्या वेळी बाळ किरकिरू लागते, श्वास जलद व खोल होतो, निळेपणा गडद होतो, मग अंग सैल पडते. कधी आकडीही येते. फुप्फुसाची वाट तात्पुरती जवळजवळ बंद झालेली असते. एरवी स्टेथोस्कोपने मोठ्याने ऐकू येणारी मर्मर, म्हणजे अरुंद वाटेतून जाणाऱ्या रक्ताचा आवाज, या वेळी मंदावते किंवा थांबते. आवाज गेला म्हणजे बरे वाटले असे समजू नये. त्या वाटेने रक्तच जात नसते.

पहिला उपाय आईच्या हातातला : बाळाला छातीशी घेऊन त्याचे गुडघे त्याच्याच छातीला टेकवायचे. मांड्यांतल्या रक्तवाहिन्या दबल्याने शरीराकडे जाणाऱ्या रक्ताला होणारा विरोध वाढतो आणि रक्त फुप्फुसाकडे वळते. शस्त्रक्रिया न झालेली थोडी मोठी मुले धावता धावता आपणहून उकिडवी बसतात ती याच कारणाने. बाळाला शांत ठेवावे. मास्क तोंडावर दाबून रडवण्यापेक्षा ऑक्सिजनची नळी नुसती चेहऱ्याजवळ धरलेली बरी. एवढ्याने भागले नाही तर रुग्णालयात मॉर्फिन (दर किलोला 0.1 मिग्रॅ.पर्यंत), शिरेतून सलाईन (दर किलोला 10 ते 20 मिली), मग हृदयाचा वेग व जोर कमी करणारे प्रोप्रानोलॉल किंवा एस्मोलॉल, शेवटी रक्तवाहिन्या आवळणारे फेनिलएफ्रिन देतात. हृदयाचा जोर वाढवणारे डिगॉक्सिन टाळतात, कारण हृदयस्नायू जोराने आकुंचला की वाट आणखी आवळते. जुलाब-उलट्यांनी अंगातले पाणी कमी झाले तरी झटका येऊ शकतो. सलाईनच्या नळीत हवेचा बुडबुडा राहता कामा नये. एरवी फुप्फुसात अडकणारा बुडबुडा इथे छिद्रातून थेट मेंदूकडे जाऊ शकतो.

निदान इकोकार्डिओग्राफीने (ध्वनिलहरींनी हृदय पाहण्याची तपासणी, थोडक्यात इको) होते. क्ष-किरण चित्रात हृदयाचा आकार बुटासारखा दिसू शकतो, पण त्यावर अवलंबून राहण्याचे दिवस गेले. इकोत हृदयाच्या स्वतःच्या धमन्या नीट पाहाव्या लागतात. काही बाळांत मोठी शाखा नेमकी त्या अरुंद वाटेवरून आडवी जाते आणि शल्यविशारदाला तिथे चीर देता येत नाही. सुमारे 15 टक्के बाळांत 22व्या गुणसूत्राचा छोटा तुकडा गळालेला असतो. तसे असल्यास रक्तातील कॅल्शियम कमी असू शकते, म्हणून ते तपासून ठेवावे.

फ्रान्समधील एत्येन फॅलो यांनी 1888 मध्ये या दोषाचे नेमके वर्णन केले. 29 नोव्हेंबर 1944 रोजी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात शल्यविशारद अॅल्फ्रेड ब्लेलॉक यांनी फुप्फुसाकडे जास्त रक्त जावे म्हणून हाताची धमनी फुप्फुसधमनीला जोडली. कल्पना बालहृदयरोगतज्ज्ञ हेलन टॉसिग यांची होती. तंत्र प्रयोगशाळेत बसवले ते ब्लेलॉक यांचे सहायक व्हिव्हियन थॉमस यांनी, आणि त्यांचे नाव या शस्त्रक्रियेला फार उशिरा जोडले गेले. पहिली संपूर्ण दुरुस्ती 1954 मध्ये अमेरिकी शल्यविशारद वॉल्टन लिलेहाय यांनी केली.

आज ती बहुधा 3 ते 6 महिन्यांच्या वयात होते : छिद्राला ठिगळ, वाटेतले जादा स्नायू कापणे, गरजेप्रमाणे फुप्फुसझडपेच्या कड्यावर ठिगळ लावून वाट रुंद करणे. या शेवटच्या ठिगळाची किंमत पुढे मोजावी लागते. झडप मिटेनाशी होते, रक्त उलटे गळते आणि उजवा निलय वर्षानुवर्षे तक्रार न करता फुगत जातो. म्हणून मूल खेळते-बागडते असले तरी इको, ईसीजी व ठरावीक काळाने एमआरआय चुकवू नये; निलय फार ताणला जाण्याआधी नवी फुप्फुसझडप बसवावी लागते, हल्ली अनेकदा मांडीच्या शिरेतून कॅथेटरने.