सामू, लॉग टेबल आणि वक्राचा चढ

अकरावी-बारावीत आम्ल-आम्लारीची गणितं रसायनाच्या तासाला असतात आणि डेरिव्हेटिव्ह (बदलाचा दर) गणिताच्या. दोन्हींची खरी गाठ मात्र शंभर वर्षांपूर्वी, विकरं (एन्झाइम) आणि रक्त यांच्या अभ्यासात पडली.

१८८४ साली स्वांते अऱ्हेनियस यांनी उप्साला विद्यापीठाला प्रबंध सादर केला. पाण्यात विरघळलेल्या पदार्थांचे विद्युतभारित कण होतात, या विचाराचं बीज त्यात होतं. परीक्षकांनी त्यांना जेमतेम उत्तीर्ण केलं. पुढे १९०३ मध्ये याच कामाला नोबेल मिळालं. १८८८ मध्ये रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म ऑस्टवाल्ड यांनी सौम्य आम्लांना समतोलाचा नियम लावला. ॲसेटिक आम्लाचा सामू (पीएच, आम्लपणाचं माप) काढताना आपण जे वर्गसमीकरण मांडतो, त्याचं मूळ इथे आहे.

सामूची मोजपट्टी आली १९०९ मध्ये. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत, म्हणजे बिअर कारखान्याने उभारलेल्या संस्थेत, सोरेन सोरेनसेन विकरांचं काम पाहत असत. विकरांचा वेग हायड्रोजन आयनांच्या प्रमाणावर फार अवलंबून असतो, आणि ते आकडे ०.००००००१ अशा धाटणीचे. सोरेनसेन यांनी त्यांचा ऋण लॉग घेतला आणि उरला नुसता ७. मुलांना लॉग टेबल कटकटीचं वाटतं, पण इथे त्याने शास्त्रज्ञांची केवढी कटकट वाचवली!

त्याच सुमारास हार्वर्डचे हेंडरसन रक्तातल्या कार्बोनिक आम्लाचा समतोल तपासत होते. त्यांच्या १९०८ च्या समीकरणाला १९१६ मध्ये डेन्मार्कच्या हॅसेलबाल्ख यांनी लॉगचं रूप दिलं. रक्तात बायकार्बोनेट आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड यांचं प्रमाण साधारण २०:१ असतं. २० चा लॉग १.३, त्यात पीकेएचे (आम्लाच्या विघटन स्थिरांकाचा ऋण लॉग) ६.१ मिळवा, सामू आला ७.४. इतकं सुंदर गणित पाठ्यपुस्तकात क्वचितच सापडतं.

कॅल्क्युलस उघडपणे आलं १९२२ मध्ये. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमधल्या व्हॅन स्लाइक यांना प्रश्न पडला, की बफर, म्हणजे सामू फारसा बदलू न देणारं द्रावण, 'चांगला' म्हणजे नेमका किती चांगला? त्यांनी व्याख्याच डेरिव्हेटिव्हने केली: सामू अगदी किंचित वाढवायला किती आम्लारी घालावी लागते, तो दर म्हणजे बफरची क्षमता. ही क्षमता सर्वाधिक कुठे, हा महत्तम किमतीचा सरळ प्रश्न झाला. उत्तर येतं सामू = पीकेए, म्हणजे निम्मं आम्ल उदासीन झालेलं असतं तिथे.

टायट्रेशनच्या, म्हणजे आम्लात थोडी थोडी आम्लारी घालत सामू मोजण्याच्या, आलेखावर हे डोळ्यांना दिसतं. त्या निम्म्या टप्प्यापाशी वक्र जवळजवळ आडवा असतो, कारण त्याचा चढ म्हणजे बफर क्षमतेचा व्यस्त. समतुल्य बिंदूपाशी, म्हणजे सगळं आम्ल उदासीन होतं तिथे, चढ एकदम वाढतो. बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला सामूतला फरक भागिले तेवढ्यात ब्युरेटमधून सोडलेलं आकारमान असा आलेख काढून त्याचं टोक शोधतात, ते यासाठीच.