वरचं किती, खालचं किती?

परवा आईचं बीपी घरच्या मशीनवर १५८/९४ आलं आणि दहा मिनिटांनी १३६/८४, मग मशीन बिघडलंय का यावर घरात चर्चा. मशीन ठणठणीत होतं. पहिल्या वेळी ती दोन जिने चढून आलेली, भाजीची पिशवी ठेवली न ठेवली तोच हात पुढे, पट्टा स्वेटरच्या बाहीवरून, आणि तोंड चालूच (कोथिंबिरीचा भाव).

हे आकडे मुळात पाऱ्याच्या उंचीचे. १२० म्हणजे रक्ताचा दाब १२० मिलिमीटर पारा उचलून धरतो. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड, म्हणजे पाणी असतं तर साधारण १६० सेंटिमीटर, जवळपास माणसाच्या उंचीएवढं!

पट्ट्यात हवा भरली की दंडातली धमनी दाबून बंद होते. मग हवा हळूहळू सोडायची, एका क्षणी रक्त धक्के मारत आत घुसतं आणि स्टेथोस्कोपमध्ये टक टक सुरू होते, तो वरचा आकडा. टकटक थांबली की खालचा. ही युक्ती कोरोत्कोव्ह नावाच्या रशियन सर्जनची, १९०५ सालची. डिजिटल मशीन आवाज ऐकत नाही, पट्ट्यातली थरथर मोजून हिशोब करतं.

आता मला नेहमी पडायचा तो प्रश्न, दोन ठोक्यांच्या मध्ये हृदय सैल पडतं तर खालचं शून्य का नाही? कारण महाधमनी रबरासारखी असते, ठोक्याला फुगते आणि मग आकसत रक्त पुढे ढकलत राहते. वय झालं की ती कडक होते, मग वरचं चढतं आणि खालचं उलट उतरू शकतं. म्हणून साठीनंतर "खालचं नॉर्मल आहे ना, मग झालं" हे काही खरं नाही.

मोजायच्या आधी पाच मिनिटं गप्प बसायचं, पाठ टेकून, पाय जमिनीवर, लघवीला जाऊन आलेलं बरं. पट्टा उघड्या दंडावर आणि हृदयाच्या लेव्हलला, हात दहा सेंटिमीटर खाली राहिला तरी सात-आठ पॉइंट फुकट वाढतात. दवाखान्यात १४०/९० आणि घरी १३५/८५ च्या वर वेगवेगळ्या दिवशी परत परत आलं तर हाय बीपी धरतात, एका आकड्यावर नाही. पण १८०/१२० च्या वर आणि सोबत छातीत दुखणं, धाप किंवा बोलणं अडखळणं असेल तर परत मोजत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

आई आता सकाळ-संध्याकाळ वहीत आकडे लिहिते. मोजताना बोलायचं नाही, एवढं सोडून बाकी सगळं पाळते.