लादीनो भाषेचं पुनरुज्जीवन आणि नवं संगीत

लादीनो (जुडेओ-स्पॅनिश, जुदेझ्मो ही नावंही चालतात, मोरोक्कोकडच्या बोलीला हाकेतिया म्हणतात) ही १४९२ मध्ये स्पेनमधून हाकललेल्या ज्यूंची, म्हणजे सेफार्दींची भाषा. पाया जुन्या स्पॅनिशचा, त्यावर हिब्रू, तुर्की, ग्रीक आणि नंतर भरपूर फ्रेंच. इस्तंबूल, इझमीर, सालोनिका (आजचं ग्रीसमधलं थेस्सालोनिकी), सारायेवो या ऑटोमन शहरांत ती पिढ्यान्‌पिढ्या चालली. मग आलियान्स या फ्रेंच ज्यू संस्थेच्या फ्रेंच शाळा आल्या, राष्ट्रवादी सरकारांनी आपापल्या भाषा लादल्या, आणि १९४३ मध्ये नाझींनी सालोनिकाच्या बहुतेक ज्यूंना ऑशविट्झला नेऊन मारलं. आज बोलणारे बरेचसे वयस्कर आहेत, युनेस्कोच्या यादीत ती गंभीर धोक्यातली भाषा आहे. गेल्या चाळीसेक वर्षांत ती तरुणांच्या कानावर पडते ती मुख्यतः गाण्यांतून.

ही गाणी किती जुनी, यावर मात्र बराच वाद आहे. कॉन्सर्टच्या जाहिरातीत आणि सीडीच्या कव्हरवर 'मध्ययुगीन स्पेनचं संगीत' असं सर्रास छापतात. रोमान्सा या कथागीतांचे काही शब्द खरंच तितके जुने असावेत, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मेनेंदेस पिदाल यांच्यासारख्या स्पॅनिश अभ्यासकांना त्यांचं इतकं कौतुक होतं ते त्यामुळंच, पण चालींचं तसं नाही. एडविन सेरूसी, ज्युडिथ कोहेन वगैरे संगीत-अभ्यासकांच्या मते आज गाजलेल्या बऱ्याच चाली एकोणिसाव्या-विसाव्या शतकातल्या आहेत, तुर्की मकाम (रागांसारख्या स्वरपद्धती), ग्रीक गाणी, युरोपियन ऑपेरा, पुढं टँगो, जे कानावर पडलं ते घेतलेलं. 'आदिओ केरिदा' हे नेहमीचं उदाहरण. त्याची चाल इटालियन संगीतकार व्हेर्दीच्या 'ला त्राव्हियाता' (१८५३) या ऑपेरातल्या एका निरोपाच्या गाण्याशी जुळते, म्हणजे ती तिथूनच घेतली असावी. काही जण उलट सांगतात की व्हेर्दीनंच ती सेफार्दींकडून उचलली, पण इटालियन ऑपेरा तेव्हा ऑटोमन शहरांत पोचला होता आणि गाण्याचे भक्कम पुरावे एकोणिसाव्या शतकाच्या मागं जात नाहीत, त्यामुळं पहिलंच मत जास्त पटतं. म्हणजे उसन्या चालीवर नवं गाणं रचणं हीच इथली जुनी रीत दिसते आणि आजच्या गायकांवर 'परंपरा बिघडवली' हा आरोप जरा सांभाळूनच करायला हवा.

संकलनात इसाक लेव्ही यांचं नाव आधी येतं. तुर्कस्तानात जन्मलेले, जेरुसलेममध्ये वाढलेले, त्यांनी १९५९ पासून घरगुती गाण्यांचे चार खंड काढले. नोटेशन पाश्चात्त्य पद्धतीचं असल्यानं मकामातले बारीक स्वर त्यातून निसटतात अशी टीका होते, ती रास्त आहे, तरी नंतरच्या कित्येक गायकांनी गाणी घेतली ती या पुस्तकांतूनच. त्यांची मुलगी यास्मिन लेव्ही (जन्म १९७५) लहान असतानाच ते गेले. २००० नंतर तिनं हीच गाणी फ्लामेंको या स्पॅनिश गाण्या-नाचाच्या ढंगात जगभर नेली. फ्लामेंको हा प्रकार हकालपट्टीनंतर बऱ्याच काळानं आकाराला आला, त्यामुळं इतिहासाच्या दृष्टीनं हा मेळ ओढूनताणून आहे, पण ऐकणारे वाढले हे खरं.

सगळ्यात यशस्वी नवं गाणं बहुधा फ्लोरी जागोदा यांचं. बोस्नियात वाढलेल्या, दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत गेलेल्या जागोदांनी (१९२३–२०२१) १९८३ मध्ये ज्यूंच्या हनुक्का सणासाठी 'ओचो कांदेलिकास' लिहिलं. त्यात एक ते आठ मेणबत्त्या मोजत जायचं असतं, त्यामुळं लादीनोचा एक शब्द न येणारी मुलंही आकडे पाठ म्हणतात. आता बरेच लोक ते पारंपरिकच समजतात, आणि नव्या गाण्याला याहून मोठी दाद कुठली मिळणार. इस्तंबूलमध्ये १९७८ पासून 'लोस पाशारोस सेफारादिस' हा गट गातोय, त्यातल्या कारेन शारहोन पुढं 'एल आमानेसेर' हे लादीनो मासिकही सांभाळू लागल्या. इस्रायलमध्ये १९९० च्या दशकाच्या शेवटी लादीनोसाठी सरकारी प्राधिकरण झालं आणि नव्या गाण्यांची 'फेस्तिलादीनो' ही स्पर्धाही पुढं सुरू झाली. अमेरिकेत सारा आरोएस्ते स्वतः गाणी लिहिते, 'ओरा दे दिस्पेर्तार' हा तिचा खास मुलांसाठीचा अल्बम.

भाषा यातून कितपत जगते? गाणं पाठ असणं आणि घरात जेवताना त्या भाषेत भांडता येणं यात अंतर आहेच, आणि कॉन्सर्टला येणाऱ्यांना बऱ्याचदा अर्थ कळत नाही. म्हणून आजच्या विषयांवर, आजच्या वाक्यांत नवं लिहिणाऱ्यांचं काम जास्त महत्त्वाचं मानावं लागेल. नानी वाझाना ही ॲम्स्टरडॅममध्ये राहणारी, मोरोक्कन मुळांची गायिका त्यातली ठळक, तिच्या 'के हाबेर' (२०२३) मधली गाणी नव्यानं रचलेली आहेत. हाकेतियात नवं फारसं होत नाही, मोरोक्कोकडची जुनी लग्नगीतं तेवढी ध्वनिमुद्रित झाली आहेत.